अब्बांच्या हातचे बारा शब्द

शबानाच्या हातात चाकू आला तो वडिलांच्या मोतीबिंदूमुळे. बोरूचं टोक तासताना चाकू दोनदा त्यांच्या बोटात गेला, तेव्हा तिने तो काढून घेतला. पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झालं, नजर परत आली, पण तोवर तिचा हात त्यांच्यापेक्षा सरस झाला होता. चाकू तिच्याकडेच राहिला.

वडील, पाशामियाँ, मुखेडच्या तहसील कचेरीसमोर छत्तीस वर्षं दस्त लिहायला बसलेले. खरेदीखतं, वाटणीपत्रं मराठीत लिहायचे. पण लोक लांबून यायचे ते वेगळ्याच कामासाठी. निजामाच्या राज्यातल्या जमिनीच्या जुन्या नोंदी उर्दूत आहेत, आणि उर्दू म्हणजे छापील पुस्तकातली नव्हे, शिकस्ता. घाईघाईने लिहिलेली मोडकी लिपी ती. अक्षरं एकमेकांत घुसलेली, नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबं, बहुतेक ठिकाणी दिलेलेच नाहीत. ते वाचणारी माणसं आसपासच्या दोन जिल्ह्यांत मिळून बोटावर मोजण्याइतकी. पाशामियाँ त्यांतले एक. बॉलपेन ते कचेरीत वापरायचे. घरी लिहायचं तर बोरूच.

शबाना उर्दू शाळेत शिकलेली, पण तिला शिकस्ता येत नव्हती. तिला बोरू येत होता. मांजरा नदीच्या काठचा बोरू माघात कापून आणायचा, हौदात भिजवायचा, मग शेणखतात चार महिने पुरून ठेवायचा. बाहेर निघतो तेव्हा तपकिरी आणि दगडासारखा टणक झालेला असतो. मग टोक तासायचं, मधोमध चीर द्यायची आणि शेवटचा तिरका छाट मारायचा. त्या छाटावर सगळं अवलंबून. नवरा मुज्तबा विजेच्या मोटारी रिवाइंड करायचा, जळालेली तार काढून नवी गुंडाळायचा. त्याच्या दुकानामागच्या खोलीत ती हे काम करी.

तिने बोरूंचे फोटो इंटरनेटवर टाकले होते, ते इंडोनेशियात सुराबायाच्या एका सुलेखन शिक्षकाने पाहिले. हिदायत त्यांचं नाव. त्यांनी वीस नग मागवले, मग साठ. पुढे तुर्कस्तानातून, नायजेरियातल्या कानोहून मागण्या आल्या. शबानाने ऑनलाइन दुकान उघडलं. पोस्टातला माणूस तिला ओळखायला लागला.

माल जायचा व्यवस्थित. पैसे येण्याचा घोळ होता. बँकेतून बाहेरदेशाहून पैसे मागवायचे तर बाराशे रुपयांच्या मागणीवर नऊशे खर्च. म्हणून तिने परदेशी कार्डाचे पैसे घेऊन देणारी एक कंपनी धरली. वर्षभर ठीक चाललं. मग एके दिवशी कंपनीने पडताळणीसाठी म्हणून तिचे पैसे थांबवले. तिने आधार पाठवलं, दुकानाचा परवाना पाठवला, बोरू शेणखतातून काढतानाचा फोटोसुद्धा पाठवला. दर वेळी उत्तर नव्या नावाच्या माणसाकडून यायचं आणि मजकूर तोच असायचा. एकाहत्तर दिवसांनी पैसे सुटले आणि त्याच दिवशी खातं बंद केल्याचं पत्र आलं. कारण दिलं नव्हतं.

हिदायतनी लिहिलं की ते डिजिटल डॉलर पाठवू शकतात. शबानाने लातूरला दीपमालाला फोन लावला. दोघी कॉलेजात एका बाकावर बसायच्या. दीपमाला आता करसल्लागाराच्या ऑफिसात होती.

"त्याला स्टेबलकॉइन म्हणतेत," दीपमाला म्हणाली. "एक नाणं म्हणजे एक डॉलर. बाकी क्रिप्टोसारखं आज वर उद्या खाली न्हाई. पण नाणं काढणारी कंपनी बुडली तर नाणंबी बुडतंय, ते ध्यानात ठेव."

"बेकायदा हाय का?"

"बंदी न्हाई, आन कुणी हाव बी म्हणलेलं न्हाई. तू एक कर. प्रत्येक पावती मला पाठव. विक्री म्हणून दाखवू. रुपये करायचे तर इथं नोंदणी असलेल्या ठिकाणीच कर. कर जाईल, जाऊ दे. वळखीचा कुणी चार पैसे जास्त देतो म्हणला तर त्याच्या वाऱ्याला उभी राहू नको."

"आन ठेवायचं कुठं?"

"दोन रस्ते हायेत. एखाद्या कंपनीकडं ठेव, किल्ली त्यांच्याकडं. न्हाईतर किल्ली तुझ्याच मोबाईलमध्ये."

शबानाला विचार करावा लागला नाही. पैसे आपले आणि कुलूप दुसऱ्याचं हे तिने एकाहत्तर दिवस पाहिलं होतं.

"मग ऐक नीट," दीपमाला म्हणाली. "मोबाईल तुला बारा इंग्रजी शब्द दाखवंल. कागदावर लिही. फोटो काढू नको, कुणाला पाठवू नको, मलाबी सांगू नको. पैसे मोबाईलमध्ये नसतात, मोबाईलमध्ये नुसती किल्ली असते. मोबाईल गेला तरी त्या शब्दांवरून किल्ली पुन्हा बनते. शब्द गेले तर संपलं. मग मी काय करणार, आन कुणीच काय करणार."

शबानाने कुरिअरच्या पावतीमागे शब्द उतरवले. पाशामियाँ शेजारी बसून पाहत होते. त्यांनी विचारलं, तिने सांगितलं.

"अंग्रेजी तो कोई बी पढ लेंगा," ते म्हणाले. "ला, मैं लिखतूं."

त्यांनी जाड कागदाची पट्टी घेतली, तिचाच एक बोरू घेतला. ती एकेक शब्द मोठ्याने म्हणत गेली आणि ते त्याचा उच्चार शिकस्तात उतरवत गेले. एका ठिकाणी अडले, अर्थ विचारला, मग पुढे गेले. तीन ओळींत बारा शब्द बसले. कागदाकडे पाहून ते खूश दिसले. दस्त लिहिणं सुटल्यापासून कुणी त्यांच्याकडून काही लिहून घेतलं नव्हतं.

"मला न्हाई वाचता येत हे," शबाना म्हणाली.

"मैं हूं ना."

दोन प्रती म्हणजे दोन चोरांना निमंत्रण, असंही ते म्हणाले. तिने कुरिअरची पावती चुलीत टाकली. मनात किंचित खटकलं, पण वडिलांसमोर तो कागद मागे ठेवणं तिला बरं वाटलं नाही.

दीड वर्ष दुकान नीट चाललं. गिऱ्हाईक पैसे देताना ती एक चौकोनी कोड दाखवी. कानोतला माणूस पैसे पाठवी, आणि तो चहा संपवायच्या आत ते इथे आलेले असत. महिन्याकाठी लागतील तेवढे रुपये ती करून घेई, पावत्या लातूरला जात. मुज्तबा म्हणायचा, "दिसत न्हाई त्याला पैसा कसं म्हणावं." पण वायंडिंगची तार महागली त्या महिन्यात त्याच पैशातून तार आली.

पाशामियाँ पौषात गेले. सकाळी नमाजाआधीचे हातपाय धुवायला, वजूला बसले ते उठले नाहीत.

पुढच्या महिन्यात बोरू भिजवायचा हौद भरला होता. शबाना वाकली आणि ओढणीत अडकलेला मोबाईल हौदात पडला. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या मोबाईलवाल्याने, उमाशंकरने, तो उघडून पाहिला आणि मान हलवली. रमजानमधल्या सुलेखन वर्गांसाठी आगाऊ घेतलेल्या मागण्यांचे अकराशे चाळीस डॉलर त्या किल्लीखाली होते. बोरू अजून द्यायचे होते.

"बारा शब्द असतेल ना?" उमाशंकर म्हणाला. "आणून द्या. इथंच बसून पाच मिनटात काढून देतो. दोनशे रुपये द्या."

त्याच्या मनात काही नसेलही. पण ती नवीन मोबाईल घेऊन उठली आणि घरी आली.

पेटीतली पट्टी काढून ती बसली. उच्चार ओळखत, शब्द लावत गेली. शब्द इंग्रजीतले वाटेल ते नसतात, ठरलेली दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांची यादी असते आणि ती सगळ्यांना खुली आहे. त्यामुळे अंदाज करता येत होता. तीन दिवसांत दहा शब्द लागले. अकराव्यात अडचण अशी की उर्दूत ब आणि प यांत फक्त नुक्त्यांचा फरक, आणि अब्बांनी नुक्ते दिलेच नव्हते. बल्ब की पल्प, दोन्ही यादीत होते. ते परवडलं, दोन्ही करून पाहता आले असते. पण सातवा शब्द यादीतल्या कशाशीच जुळेना. एक आडवी रेघ, पोटात गाठ, शेवटी वळण. देगलूरला उर्दू शाळेतल्या मास्तरांना तिने नुसतं विचारलं, शिकस्ता येते का. ते म्हणाले, छापलेलं आणा.

मग तिला जळकोटचे श्रीमंतअप्पा आठवले. अब्बा त्यांचं नाव कौतुकाने कमी आणि भांडल्यासारखं जास्त घ्यायचे. लिंगायत, जुने तलाठी, निजामाच्या अमलात चौथीपर्यंत उर्दूत शिकलेले. एखाद्या नोंदीवरून दोघांची वर्षानुवर्षं हुज्जत चालायची. अप्पा आता सत्त्याऐंशीचे होते.

तिने तो सातवा शब्द वेगळ्या कागदावर हुबेहूब काढला, मूळ पट्टी घरी ठेवली आणि एसटीने जळकोट गाठलं. अप्पा ओसरीत खुर्चीवर बसले होते, कपाळाला भस्म. पाशामियाँची मुलगी म्हटल्यावर त्यांनी सुनेला, शिवकांताला, चहा टाकायला सांगितलं. मग भिंग लावून कागद पाहिला आणि परत केला.

"ही नक्कल हाय," ते म्हणाले. "काढणाऱ्याला अक्षर कळलेलं न्हाई. रेघ काढली, हात न्हाई काढला. मूळ आणा."

"मूळ आणलं तर फक्त एवढाच शब्द बघताव का? बाकी झाकून?"

"शिकस्ता एकटी वाचता येत न्हाई माय. लिहिणाऱ्याचा हात मागं कसा वळला, पुढं कसा वळला, त्यावरून कळतंय. सगळं लागंल."

ती चहा पिऊन निघाली. गाडीत तिने दुसरा उपाय शोधायचा प्रयत्न केला. घरी आल्यावर मुज्तबाला विचारलं तर तो म्हणाला, "तुझा पैसा हाय, तू ठरव." तो रागाने म्हणाला नव्हता, पण तिला त्यात मदत दिसली नाही. चौथ्या दिवशी ती पट्टी घेऊन पुन्हा जळकोटला गेली.

पट्टी हातात देण्याआधी तिने अप्पांना सगळं सांगितलं. हे शब्द कशाचे आहेत, त्यामागे किती आहे, ज्याच्याकडे हे शब्द त्याचाच तो पैसा. शिवकांता दारात उभी होती. अप्पांनी तिला आत जायला सांगितलं. मग पट्टी घेतली. बराच वेळ त्यांनी सातव्या शब्दाकडे पाहिलंच नाही. पहिल्यापासून बोटाने हवेत गिरवत गेले.

"पाशामियाँचा हात बिघडला न्हवता," ते म्हणाले. मग, "कछवा."

"कछवा?"

"कछवा लिहिलंय. कासव. बाकी सगळं इंग्रजी बोलीचं दिसतंय, हे एकच आपलं."

शबानाला ती दुपार आठवली. अब्बा अडले होते, विचारलं होतं हा कोण प्राणी, आणि ती म्हणाली होती, कछवा. तेच त्यांनी लिहून टाकलं होतं. यादीत कासवाला दोन शब्द होते, टॉर्टॉइज आणि टर्टल. बल्ब-पल्प धरून चार जोड्या. ओसरीच्या कोपऱ्यात बसून तिने त्या नव्या मोबाईलवर घालून पाहिल्या. पहिल्या दोन मोबाईलने नाकारल्या. तिसरी लागली. अकराशे चाळीसचा आकडा पडद्यावर आला तेव्हा तिला हायसं वाटलं, आणि लगेचच अब्बांना हे सांगता येणार नाही हेही लक्षात आलं.

अप्पा तिच्याकडे पाहत होते.

"तुम्ही मला खरं सांगितलात ते बरं केलात," ते म्हणाले. "आता माझंबी ऐका. मी एकदा वाचलेलं विसरत न्हाई. चाळीस सालच्या नोंदी अजून पाठ हायेत. माझ्या मनात वाईट न्हाई, पण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाचा भरवसा काय. दफ्तराच्या कपाटाची किल्ली एकदा दुसऱ्याच्या हाताखालून गेली की आम्ही कुलूप बदलत होतो. तुमच्यात तसं काही हाय का?"

तसं होतं. तिने तिथेच नवी किल्ली बनवली, नवे बारा शब्द आले. ते लिहिताना अप्पांनी स्वतःहून तोंड अंगणाकडे फिरवलं. सगळे डॉलर तिने नव्या किल्लीखाली हलवले. दीडेक मिनिट लागलं. अब्बांच्या हातच्या पट्टीमागे आता काहीच उरलं नव्हतं. "ठेवू का मी ही?" अप्पांनी विचारलं. तिने दिली.

नवे शब्द तिने घरी साध्या, मोठ्या इंग्रजी अक्षरांत दोन कागदांवर लिहिले. एक कुठे आहे ते मुज्तबाला दाखवलं आणि पहिल्यांदाच सगळं बसून समजावलं.

"म्हंजे तू नसलीस तर मला काढता येतंय," तो म्हणाला.

"हाव."

"आन दोघंबी नसलो तर?"

तिने दीपमालाला विचारलं. दीपमाला म्हणाली, मृत्युपत्राचं बघावं लागेल, लातूरला ये. ते अजून राहिलंय.

रमजानच्या मागण्या तिने वेळेत पाठवल्या. त्या वर्षी पाऊस लांबला, मांजरेचं पाणी काठावर जास्त दिवस राहिलं आणि पुढच्या हंगामाचे बोरू ठिसूळ निघाले. तिने दुकानावर लिहिलं की चांगला बोरू तयार होईपर्यंत नवीन मागण्या घेणार नाही. हिदायतनी कळवलं, थांबतो. रिकामे दिवस मिळाले तसे ती पंधरा दिवसांतून एकदा जळकोटला जाते आहे. अप्पा तिला शिकस्ता शिकवत आहेत. तिचा हात चांगला आहे, वाचायची घाई मात्र फार, असं त्यांचं म्हणणं.