कळ्याच द्या

आमच्या मोठ्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, बाजारामागच्या गल्लीत कपडे अल्टर करून देतात. दुकान कसलं, एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. दुसऱ्याच्या पँटीत आत दुमडलेलं बोटभर कापड शोधून काढणं हाच धंदा, त्यामुळे कुठे काय वाया जातंय ते त्यांना सगळ्यांच्या आधी दिसतं. आणि दिसलं की बोलून मोकळ्या.

धाकट्या बहिणीचं नवं घर बघायला गेल्या आणि पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत म्हणाल्या, "पडदे तिरके शिवलेत." पडदे धाकटीनं स्वतः शिवले होते. त्या दिवसापासून दोघींचा अबोला. वर्ष उलटलं.

मग धाकटीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. ती राहते राज्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या शहरात. वन्संनी त्या दिवशी एका शर्टाची बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. दुपारी मला बोलावलं.

"फोन मी करणार नाही. तिनं उचलला नाही तर तेवढी आशाही उरायची नाही. फुलं पाठवू. फुलं कुणी परत करत नाही."

मी मोबाइलवर फुलं घरपोच देणारी एक कंपनी काढली. वन्संनी चष्मा कपाळावर चढवला.

"फुलांचे वेगळे, फुलदाणीचे वेगळे, रिबिनीचे वेगळे, रविवार म्हणून आणखी वेगळे. यांची स्वतःची बाग आहे का?"

"नाही हो. हे इथे ऑर्डर घेतात आणि तिथल्या दुकानाला कळवतात."

"कळवायला मला तोंड नाही?"

तोंडाबद्दल कुणालाच शंका नव्हती. मी धाकटीच्या घराजवळचं फुलांचं दुकान शोधून नंबर लावून दिला.

"भाऊ, आज माल कशाचा जास्त आलाय? लिली? मग लिलीच द्या. उमललेल्या नकोत, कळ्याच द्या. स्वस्त पडतात आणि टिकतात. फुलदाणी नको, तिच्याकडे आहे. रिबीन नको, ती बांधून कुठे जायचंय तिला? रविवारी कशाला, बुधवारी पाठवा, तुम्हालाही गर्दी नसेल. आणि चिठ्ठी नको. दारात सांगा, ताईनं पाठवलीत."

फोन ठेवून त्या इतक्या खूश झाल्या, जणू दुकानच विकत घेतलंय.

बुधवारी संध्याकाळी धाकटीचा फोन आला. वन्संनी हात पुसले, पदर सारखा केला आणि मगच उचलला. आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"ताई, वर्षानं आठवण झाली आणि पाठवलंस काय, तर कागदात गुंडाळलेले हिरवे दांडे? मी ते भाजीच्या टोपलीत टाकले. सूनबाई चिरायलाच बसली होती."

वन्संचा चेहरा पांढरा पडला. अबोला मोडायचा म्हणून पाठवलेली भेट, आणि तीच अपमान ठरली होती.

"अगं, कळ्या आहेत त्या," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "पाण्यात ठेव. आधी दांडे खालून तिरके काप, म्हणजे पाणी चढतं."

धाकटी म्हणाली, "तिरके? पडदे चालत नाहीत, दांडे मात्र चालतात वाटतं."

वन्सं हसल्या. आधी नुसत्या नाकातून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पलीकडूनही तसाच आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. "ताई, एक उमलली." मग रोजच. आज कुठली उमलली, कुठली हट्टी आहे, गुडघा किती वाकला, सून काय म्हणाली. वन्सं खांद्यावर मोबाइल धरून बटणं लावत ऐकायच्या.

आता तीन आठवडे होत आले. परवा माझ्यासमोर फोन आला. "ताई, एक कळी अजून बाकी आहे बरं का."

फोन संपल्यावर मला राहवलं नाही. "वन्सं, लिलीची कळी इतके दिवस राहते कधी?"

त्यांनी सुईत दोरा ओवला, दातानं तोडला.

"तिच्याकडे राहते. आणि फोन तीच करते, त्यात आपलं काय जातंय?"