जपलेलं बरं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. यांनाही नाही — आणि यांच्यापासून तर मला साडीची किंमतसुद्धा लपवता येत नाही. तुम्ही आमच्या घरी कधी जेवायला येणार नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलते.

मला सोरायसिस आहे. कोपरांवर, गुडघ्यांवर, थोडा पाठीवर. घाबरू नका, मीही आता घाबरत नाही. थंडीत तो माहेरी आलेल्या नणंदेसारखा येतो, हातपाय पसरतो, आणि उन्हं तापली की निघतो. डॉक्टरांचं मलम, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, अंघोळीनंतर खोबरेल, गच्चीतल्या कुंडीतली कोरफड. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, आणलेलं करंजाचं तेलही लावते. त्याने चट्टे किती कमी होतात देव जाणे, पण त्याच्या वासाने पाहुणे लवकर उठतात.

पण सांगायचंय ते हे नाही. जरा थांबा — येते तिकडे.

आमचं घर मखमलाबादला, फुलशेतीचं. दसरा जवळ आला की ओटीवर झेंडूचे ढीग आणि सुईदोरा घेऊन बसलेल्या आम्ही बायका. माणसं भरपूर आणि न्हाणीत टॉवेल एकच, कायम ओला. शेवटी जाईल त्याचं नशीब! नवी सून होते तेव्हा मला काय हवं असायचं, माहितीये? दागिने नाहीत. कोरडा टॉवेल.

चट्टे उठले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला स्वच्छ सांगितलं होतं — हा आजार स्पर्शाने पसरत नाही, कुणाला लागत नाही. हे बाहेर गाडी लावत होते, ऐकलं ते मी एकटीने. घरी आले तर आत्या दारातच उभ्या. "दुसऱ्याला लागतं का गं हे?"

आणि मी म्हणाले — "जपलेलं बरं."

खोटं बोलले का मी? शब्दाने नाही. पण मला काय साधायचं होतं, ते मला ठाऊक होतं.

त्या दिवसापासून मला वेगळा टॉवेल आला. वेगळा साबण आला, गच्चीलगतची खोली आली. यांना वेगळं झोपवायचं कुणाला सुचलं नाही, आणि यांनीही सुचवलं नाही. "तू नको हात लावू बाई, फुलं देवाला जात्यात," आत्या म्हणाल्या, आणि माळा ओवायचं कामही सुटलं. खाली सगळ्या मान मोडून ओवताहेत आणि मी गच्चीत ऊन खात मोबाइलवर मालिका बघतेय! कुणी लांब सरकून बसलं की वाईट वाटायला हवं होतं ना? मला पाय पसरायला जागा व्हायची. सुख होतं हो, खरं सांगते.

माझ्या वाट्याच्या माळा धाकटी जाऊ ओवायची. मनीषा. देवळ्याची, बारीक अंगाची, बोलण्याआधी हसणारी.

मग एका हिवाळ्यात माझी कोरफड कमी व्हायला लागली. आज एक पान गायब, परवा दुसरं. मी माकडांना शिव्या घातल्या. एका दुपारी गच्चीत गेले तर मनीषा बसलेली — बाही वर केलेली, कोपरावर कोरफडीचा गर चोळत. चट्टा अगदी माझ्यासारखा. मला बघून ती मागे सरकली. "ताई, लांब राहा. मलाबी लागलंय."

मला सांगत होती लांब राहा! दिवाळीपासून ती लांब बाह्यांचे ब्लाउज का घालत होती, ते तेव्हा कळलं. आणि परीला — तिच्या एवढ्याशा लेकीला — रोज आत्यांच्या कुशीत का झोपवत होती, तेही. ते माझ्याकडूनच लागलं असं तिला वाटत होतं. तरी तिने एका शब्दाने मला बोल लावला नव्हता.

मी काय केलं? तिचा कोपर हातात घेतला आणि म्हणाले, चल, डॉक्टरांना विचारू. विचारू, म्हणे!

डॉक्टरीणबाई त्याच, शब्दही तेच. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं होतं की मी." मी भिंतीवरचा जीवनसत्त्वांचा तक्ता वाचायला लागले. मनीषाने ते ऐकलंच नाही, ती रडत होती आणि हसत होती. रिक्षात हसली, गल्लीत हसली, घरात शिरताच परीला उचलून तिने इतके मुके घेतले की पोरगी वैतागली. संध्याकाळी आत्यांनी शिरा केला. मीही खाल्ला — दोनदा मागून.

आता मी माळा ओवते. वाकड्यातिकड्या होतात, सगळ्या हसतात. रोज कोवळ्या उन्हात आम्ही दोघी जावा गच्चीत बसतो. मी तिच्या कोपराला तेल लावते, ती माझ्या पाठीला, आणि मध्ये परी लोळत असते. इतकी आनंदाची वेळ माझ्या अख्ख्या दिवसात दुसरी नाही. हात पुसायला दोघींत एकच टॉवेल असतो, तेही मनीषानेच ठरवलं.

येईल-जाईल त्याला ती सांगते, "आमच्या ताईंनी नेलं म्हणून मला कळलं. बिचाऱ्या ताईंनाबी इतकी वर्षं कुठं माहीत होतं!"

मला माहीत होतं.