पोटातली भुरी

मुलगी बघायला गेलेल्या माणसानं चहा नाकारू नये, शिरा नाकारू नये आणि निफाडात तर द्राक्षं मुळीच नाकारू नयेत. मी अर्ध्या तासात तिन्ही नाकारली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी अंबडला एका कारखान्यात नोकरीला होतो. टायफॉइड झाला, गोळ्यांनी गेला, पण जाताना पोटात नवं बिऱ्हाड ठेवून गेला. काही खाल्लं की पोट तबल्यासारखं ताणलं जायचं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतड्यात यीस्ट माजलंय, म्हणजे एक प्रकारची बुरशीच. त्यांनी औषध दिलं. पथ्य पंचवटीतल्या वैद्यांनी घातलं: साखर, गूळ, मैदा, पाव, गोड फळं दीड महिना बंद. सकाळी कच्चा लसूण, दुपारी हिंग-ओव्याचं ताक. तोंडाला सदा फोडणीचा वास, पण विसाव्या दिवशी पोट असं हलकं झालं की मी कारखान्याचा जिना शीळ घालत चढू लागलो. एवढं कमावलेलं सुख मला घालवायचं नव्हतं.

त्यातच हे स्थळ आलं. मुलगी शाळेत शिकवायची, वडिलांची द्राक्षबाग. ती पोहे घेऊन आली, माझ्याकडे बघून तिनं हसू दाबलं आणि मी तिथंच खलास झालो. लग्न करीन तर हिच्याशीच. नेमकं तेव्हाच तिच्या आईनं द्राक्षांचं ताट पुढं केलं आणि मी म्हणालो, मला गोड चालत नाही.

आपल्याकडे या वाक्याचा एकच अर्थ होतो. तिच्या मामांनी माझ्या वडिलांना हळूच विचारलंच, शुगर कधीपासून आहे. स्थळ हातचं चाललंय हे मला दिसत होतं.

"शुगर नाही हो, पोटात बुरशी झालीय," मी घाबरून बोलून गेलो.

माझ्या आईनं कपाळाला हात लावला. तिच्या मते मधुमेह परवडला असता.

पण मुलीचे वडील खुर्चीत सरसावून बसले. "बुरशी व्हय? मंग आधी नाय का सांगायचं. भुरी हाय का डावणी?"

द्राक्षावरच्या या दोन रोगांशी त्यांनी उभा जन्म झुंज दिली होती. लागण कधी झाली, कशानं वाढली, सगळं विचारून घेतलं. वैद्यानं साखर तोडली ते बराबर केलं, बुरशीचं खाणंच तोडायचं असतं, असं त्यांनी मामांना समजावलं. वेलींवर मारतात तसं माझ्यावर गंधक मारायचं तेवढं बाकी ठेवलं. मला इतका आनंद झाला की मी त्यांना छाटणीबद्दल प्रश्न विचारत सुटलो.

मग त्यांनी जाहीर केलं, पोरगा पसंत, साखर आणा. मुलीला कुणी काही विचारलं नव्हतं. तिची आई वाटी घेऊन आली आणि पहिली चिमूट माझ्या तोंडाशी धरली. नाही म्हणणं म्हणजे अपशकुन. पथ्य गेलं खड्ड्यात, असं मनाशी म्हणत मी आ केला.

तेवढ्यात ती पुढं आली.

"थांब आई. त्यांच्या वाटची मी खाते."

आणि सगळ्यांदेखत तिनं आधी माझी चिमूट खाल्ली, मग स्वतःची.