उस्तरा न उघडणारे खलिफाचाचा

सुंता करायला बोलावलेला खलिफा सुंता न करताच निघून गेला, तर त्याला पुन्हा कोण बोलावणार? पण होळी गावापासून अर्नाळ्यापर्यंत आमची सगळी माणसे खलिफाचाचांनाच बोलावत, आणि ते निम्म्या वेळा उस्तरा न उघडताच सायकलवर बसत. पोर पिवळे दिसतेय, वजन भरले नाही, नाक वाहतेय. त्यांना एवढे कारण पुरे होई.

त्यांचे एक बोलणे ठरलेले होते. "कातडी आज निघते, वर्षानंही निघते. परत लावनारा अजून जन्मला नाही."

ते सुंतेच्या विरुद्ध मुळीच नव्हते. धर्माचे काम म्हणून, नमाजाआधी धुतात तसे हातपाय-तोंड धुऊन, वुझू करूनच उस्तऱ्याला हात लावत. लहानपणी केलेली बरी, जखम लवकर भरते, सफाई राहते, लघवीची दुखणी कमी होतात, असे स्वतःच सांगत. मग कोणी म्हणे, "तर चाचा, घाबरता कशाला?" ते हसत. "फायदा हलूहलू मिलतो, बाबा. रक्त एका घडीत जातं."

माझा मुलगा चाळीस दिवसांचा झाला तेव्हा सासूबाईंनी त्यांना बोलावले. अंगणात बिर्याणीची देग चढली होती, सत्तर पाहुणे जमले होते. आमच्याकडे बाळाला मामाच्या मांडीवर देतात. माझा भाऊ नवा सदरा घालून ऐटीत बसला. चाचांनी साबणाने हात धुतले आणि सगळ्यांना विचारत तेच त्यालाही विचारले, "मामू, लहानपनी दात पडला, कुठं कापलं, तर रक्त लगेच थांबायचं?"

"मर्दाला काय होतंय, चाचा!" भाऊ म्हणाला.

मी पडद्याआड होते. परक्या पुरुषांपुढे मी कधी बोलले नव्हते, सासूबाईंपुढेही बेताचेच. पण भावाची दाढ काढली तेव्हा त्याच्या रक्ताने भिजलेल्या उशा मीच धुतल्या होत्या. कसेबसे तोंडातून निघाले, "दोन दिवस थांबलं नव्हतं."

चाचांनी उस्तऱ्याची पेटी बंद केली. "आज नाही. मामाचा दोष भाच्यात उतरतो कधी कधी. आधी मोठ्या डॉक्टरला दाखवा."

"अन् या सत्तर मानसांना काय सांगू?" सासूबाई कडाडल्या.

"सांग बाय, खलिफाला भूक लागलीय."

आणि दस्तरखानावर पहिले तेच बसले. बिर्याणी दोनदा मागून घेतली. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. बाळंतपणानंतरची खरी विश्रांती मला तेव्हाच मिळाली.

तपासणीत ते खरे निघाले. मुलाचे रक्त गोठायला उशीर लागत होता. पुढे त्याची सुंता मुंबईच्या मोठ्या इस्पितळात, आधी औषध देऊन झाली. चाचा बाहेरच्या बाकावर तसबीचे मणी फिरवत बसले होते. सगळे ठीक झाल्याचे कळले तेव्हा सासूबाईंनी स्वतः त्यांना चहा आणून दिला. हातातला कप तसाच ठेवून ते म्हणाले, "हे लोक तपासतात. मी नुसता विचारायचो." त्यानंतर त्यांनी पेटी उघडली नाही. कोणी आले की इस्पितळाचा पत्ता देत.

मुलगा दहा वर्षांचा असताना चाचा गेले. आमच्यातल्या बायका कब्रस्तानात जात नाहीत. मी दारातूनच पाहिले. मुलगा पुरुषांबरोबर निघाला. जनाजा त्याच्या खांद्याहून उंच होता. म्हणून हात वर करून, बोटे तेवढी टेकवून, तो गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला.