‘मी डॉक्टर नाही’ म्हणणारी मुलगी

“ह्यांना टीबी कधी झालाच नव्हता,” परळच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. माझ्या नवऱ्याला ते ऐकू आलं नाही. मला आलं.

आजाराचं नाव बिसिनोसिस. म्हणजे कापसाच्या धुळीने छाती खराब होणं. हे गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या यंत्रांवर होते. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणी उघडली नाही, पण खोकला थांबेना. आम्हा लालबागकरांच्या लेखी खोकला म्हणजे टीबी, आणि गिरणीच्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणजे डॉक्टर. तोही बेकार होऊन आमच्याच चाळीत औषधं द्यायला लागला होता. ना एक्स-रे, ना थुंकीची तपासणी. तीन महिने रोज एक इंजेक्शन. खोकला राहिला, कान गेले. ते इंजेक्शनांमुळे, हे मला आत्ता, म्हातारपणी कळलं.

पण त्याच्या औषधाने खोकला गेला नाही, एवढं आधीपासून ठाऊक होतं. म्हणूनच हॉस्पिटलात पहिल्या दिवशी तपासायला आलेली मुलगी “मी डॉक्टर नाही, फिजिशियन असिस्टंट आहे” म्हणाली, तेव्हा माझं डोकं फिरलं. डॉक्टरांच्या हाताखाली रुग्ण तपासणारी, असं तिने समजावलं. मी म्हटलं, पुन्हा कंपाउंडर नको.

तिने कागदावर लिहून ह्यांना विचारलं, ‘गिरणीत असताना, सुट्टीनंतर सोमवारी जास्त दम लागायचा?’

हे चक्क हसले. “तुका कसा कळला गो?”

तिचे आजोबाही कार्डिंगलाच होते; सुट्टीनंतर पुन्हा धूळ छातीत गेली की त्यांनाही सोमवारीच दम लागायचा. तिने हे डॉक्टरांना सांगितलं, आणि तिथून निदान झालं.

निदानाच्या दुसऱ्या दिवशी ह्यांना जोराची धाप लागली. डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात. तिने ऑक्सिजन लावला, फोन केला आणि थांबली.

“अगं, औषध दे ना!” आता मीच ओरडत होते.

“काकी, कुठलं द्यायचं ते वाटतंय मला. पण ह्यांचं हार्टपण वीक आहे. किती द्यायचं, मला माहीत नाही. सर येतायत.”

दहा मिनिटांनी डॉक्टर आले. नंतर तिनेच सांगितलं, औषध तिच्या मनातलंच लिहिलं, पण हार्टमुळे नेहमीच्या निम्मं.

अशा असिस्टंटांना डॉक्टरांच्या सहीशिवाय औषध लिहू देणारा कायदा हवा, असं पेपरात वाचते. ती दहा मिनिटं आठवली की वाटतं, हवाच. ते निम्मं औषध आठवलं की वाटतं, नको गं बाई. मला खरंच काही ठरवता येत नाही.

तुमच्या घरी असं आजारपण आलं तर एवढंच सांगेन, ‘मला माहीत नाही’ म्हणणाऱ्या माणसावर चिडू नका. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही. आमच्या कंपाउंडरने नव्वद इंजेक्शनं दिली. एकदाही तो ‘मला माहीत नाही’ म्हणाला नाही.