जोडीची पेटी

माळीकाकांनी उभ्या आयुष्यात एकही रोप तहानेने मरू दिलं नव्हतं, आणि आता नेमकं तेच त्यांचं काम होऊन बसलं होतं.

संशोधन केंद्राच्या मागच्या खोलीत गव्हाच्या रोपांची एक काचेची पेटी होती. तशीच दुसरी पेटी अंतराळयानातून पृथ्वीभोवती फिरत होती. वरची रोपं यानातली संशोधक ताई सांभाळायची, खालची काका. वर जे होईल तेच खाली करायचं, हा नियम. तरच वजन हरपल्यावर रोपांचं काय होतं, ते कळणार.

मग वरचा पंप बिघडला. उरलेलं पाणी माणसांसाठी राखायचं ठरलं. ताईचा निरोप आला, "काका, माझी सुकणार. तुमचीही सुकू द्या. निदान दोन्हीकडची तहान तरी मोजता येईल. तेवढंच हातात उरलंय."

काकांनी पेटीच्या पाण्याची चावी बंद केली. आधी शेंडे झुकले, मग पानं गुंडाळली. घरी काकांनी भरलेलं ताट बाजूला सारलं.

"जेवा की," बायको म्हणाली. "तुम्ही उपाशी राहिलात म्हणून ती हिरवी होणारेत का?"

"माझ्याकडे बघत राहतात गं."

"मीही बघते की. मला कधी पाणी विचारलंत?"

दुसऱ्या दिवशी काच पुसता पुसता त्यांचा हात सवयीने चावीवर गेला. माती काळी पडलेली दिसली, तेव्हा ते भानावर आले आणि त्यांनी चावी बंद केली. पाजलेलं पाणी काढून घेता येत नाही. दुपारपर्यंत पानं उलगडली. काका त्यांच्याकडे पाठ करून बसले.

केंद्राच्या प्रमुखबाईंनी पेटी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "तिची सगळी मेहनत पाण्यात गेली, काका. आता तुम्हीच सांगा तिला."

त्यांनी काकांना संपर्काच्या खोलीत नेलं आणि माइक पुढे सरकवला.

"माझी गेली, काका," वरून ताईचा आवाज आला. "तुमची?"

"हिरवी आहेत. मी पाणी दिलं, ताई."



"किती दिलंत?"

"मोजलं नाही."

"माझ्या वाटणीचं पाणी होतं ना, पिशवीतलं," ती हळू म्हणाली. "रोज रोपांसमोर हातात धरून बसायचे. नाही दिलं."

यान पुढे सरकलं. आवाज तुटला.

काका पेटीच्या खोलीत परतले. रोपं तरारून उभी होती. चावी बंदच होती, तरी त्यांनी ती दोन्ही हातांनी पुन्हा आवळली.