मुठीएवढी फट

आम्ही शनवार तेली, म्हणजे मराठी ज्यू. कोकणात वाडवडिलांचे तेलाचे घाणे होते, शनिवारी ते बंद असत, म्हणून गावाने हे नाव ठेवलं. घाणे गेले, ठाणं सोडून आम्ही इस्रायलमध्ये डिमोनाला आलो, पण तेलावरची श्रद्धा काही सुटली नाही. डोकं दुखलं, तेल. झोप नाही, तेल. तान्ह्या बाळाला तर दीड वर्ष रोज खोबरेल चोळायचं, मग उजवा हात डाव्या पायाला आणि डावा हात उजव्या पायाला लावायचा. यानं अंग वळतं, असं माझी आई म्हणायची. मला तिनं असंच चोळलं होतं.

माझ्या मुलीला मी चोळलं नाही. ती इथे जन्मली. बाळांच्या दवाखान्यातली नर्स घरी आली आणि माझे तेलकट हात बघून म्हणाली, "बाळाचे सांधे असे पिळायचे नसतात." मला तेव्हा धड हिब्रूही बोलता येत नव्हतं. मी घाबरून बाटली फडताळात ठेवून दिली. त्या बाईला पुढे किती वर्षं मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, सांगता सोय नाही.

कारण आठव्या वर्षी पोरीला नाचाचं वेड लागलं. तिला बेरशेबाच्या नाचाच्या शाळेत जायचं होतं, आणि तिथे बाराव्या वर्षी परीक्षा घेत. तालाला पक्की होती, उडी छान होती, पण मांड्या उघडायच्या नाहीत. पालथं झोपून बेडकासारखे गुडघे फाकवायचे, टाचेला टाच लावायची आणि कंबर जमिनीला टेकवायची. तिची टेकायची नाही. खालून माझी मूठ आरपार जायची.

कारण मला ठाऊकच होतं. चोळलं नाही, म्हणून. आता भरून काढायचं, बस्स. चार वर्षं शाळेतून आली की चटईवर पालथी. थंडीत खोबरेल थिजायचं, मी बाटली गरम पाण्यात धरायची, तिच्या मांड्या चोळायची आणि मग दोन्ही तळहात तिच्या कमरेवर ठेवून अंगाचा भार टाकायची. "थोडं अजून, माझी राणी," मी मराठीत म्हणायची. ती हिब्रूत म्हणायची, "दाय, इमा." म्हणजे पुरे, आई. मी म्हणायची, अजून कशाचं पुरे, मूठ जातेय की खालून.

नवरा खनिजांच्या कारखान्यात होता. पाळीवरून आला की दारातच थांबायचा. म्हणायचा, "अगं, खाण तशी माती. तिची हाडं तिला मिळाली ती मिळाली."

"कुणाची खाण?" मी विचारायची. "तुम्हाला वाकून बुटाची नाडी बांधता येत नाही. उगाच माझ्या माहेरावर जाऊ नका."

तो हसून आंघोळीला जायचा. एकदा मात्र हसला नाही. "पोरगी रडतेय, दिसत नाही का?" म्हणाला. मला दिसत होतं. खोटं कशाला बोलू?

परीक्षेच्या दिवशी मी तिच्याबरोबर बसने बेरशेबाला गेले. शिकवणारी बाई रशियातून आलेली, वयस्कर, हिब्रू माझ्याइतकीच मोडकी. तिनं मुलीचा पाय हातात घेऊन फिरवला. पोरीनं ओठ चावला. बाई म्हणाली, "ताणून स्नायू लांब होतो. कमरेच्या हाडाची खोबण ताणून उथळ होत नाही. हिची खोल आहे. हाड हाडाला अडतं. आणि इथं आत दुखावलंय. घरी कुणी दाबत होतं?"

 मुलीनं माझं नाव घेतलं नाही.

"मी," मी म्हटलं. मग चोळण्याचं सगळं सांगितलं, नर्सचंही सांगितलं.

बाईनं ऐकून घेतलं. "तुम्हाला आईनं चोळलं होतं?"

"दीड वर्ष. रोज."

"मग झोपा इथे."

सलवार-कमीज घालून गेले होते, झोपले पालथी. बाईनं माझे गुडघे फाकवले, टाचा जुळवल्या. कंबर अधांतरी राहिली. बाईनं मुलीला खुणेनं बोलावलं. मुलीनं माझ्या कमरेखाली आपली मूठ सरकवली, आणि ती गेली.

तेव्हा आठवलं. जेवायला मांडी घालून बसले की माझे गुडघे वर राहायचे आणि आई त्यावर चापट मारून म्हणायची, नीट बस. दीड वर्ष चोळूनही वर राहायचे. मला हे कधी दिसलंच नव्हतं.

पोरीनं त्या दिवसानंतर नाच सोडला. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता ती एलातला हॉटेलच्या स्वागतकक्षात उभी असते. दोन तास उभी राहिली की कंबर धरते, जावई सांगतो. तिला मुलगी झाली तेव्हा मी बसमध्ये चार तास बसून गेले. सवयच ती, पिशवीत खोबरेलाची बाटली होती. बाळाला मांडीवर घेतलं, तळहातावर तेल ओतलं. तिनं मला थांबवलं नाही. माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसली, गुडघे वर. बाळाचे हात तिनं मला चोळू दिले, छाती चोळू दिली, पाठ चोळू दिली. पाय मात्र पूर्ण वेळ आपल्या मुठीत धरून ठेवले.